वाड्याच्या भिंतीतली वाकडी खिडकी: चौकट गुण्यात (काटकोनात) ठेवायची की भिंतीच्या कलाने?

नारायणपेठी_१२

नमस्कार मंडळी. नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीतल्या दोन खिडक्या नव्याने बसवायच्या आहेत. भिंत २० इंची, वीट आणि माती, बाहेरून चुन्याचा गिलावा. वर दुसरा मजला आहे आणि त्याच्या कड्या (मजला तोलणारी आडवी लाकडं) याच भिंतीवर टेकलेल्या आहेत. जुन्या चौकटी वाळवीने पोखरल्या होत्या, त्या काढल्या. सध्या नुसती भगदाडं आहेत, बाहेरून ताडपत्री.

पहिली खिडकी (सगळी मापं गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग): रुंदी वर ३७ इंच २ सूत, मध्ये ३७, खाली ३६ इंच ६ सूत. उंची डावीकडे ४९ इंच ४ सूत, उजवीकडे ४९ इंच २ सूत, मध्ये ४८ इंच ६ सूत, कारण वरचं लाकडी लिंटेल (खिडकीच्या डोक्यावरची तुळई) मध्यभागी झुकलंय. कर्ण ६२ इंच १ सूत आणि ६१ इंच ३ सूत. आतून बघताना खिडकी वरच्या अंगाला उजवीकडे कललेली दिसते. खालची बैठक आतल्या बाजूला उतरती आहे.

दुसरी कमानीची. रुंदी ३६ इंच, कमान सुरू होते तिथून माथ्यापर्यंतचा उठाव ६ इंच.

एक सुतार म्हणतो, भिंत जशी आहे तशीच चौकट तिरकी करून देतो, फट दिसणार नाही. दुसरा म्हणतो, भिंत फोडून सरळ करू. चौकट ५ × ३ इंच सागवानी करायची ठरलंय. कोणाचं ऐकू?

---

साडेतीन_सूत

दोघांचंही नको. तिरक्या चौकटीत झडपही तिरकी करावी लागते आणि बिजागऱ्यांची रेषा ओळंब्यात (बरोबर उभी) राहत नाही. मग झडप आपली आपण उघडते किंवा आपली आपण मिटते, शिवाय सगळा भार वरच्या बिजागरीवर येऊन तिचे स्क्रू ढिले होतात. भिंत फोडायची तर माती-विटेच्या भिंतीत दोन सूत काढायला गेलं की अर्धी वीट हातात येते. चौकट गुण्यात, ओळंब्यात आणि लेव्हलमध्येच बसली पाहिजे. भिंतीचा वाकडेपणा जिरवायचा तो चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत.

आता तुमची मापं. नेहमीची चूक अशी होते की सगळ्यांत कमी रुंदी (३६ इंच ६ सूत) घेतात, त्यातून फट वजा करतात आणि चौकट करायला टाकतात. ती चौकट आत जाते, पण ओळंब्यात उभी राहत नाही, कारण कल हिशेबात धरलेलाच नसतो. कर्णांत ६ सुतांचा फरक आहे. कल काढायचं सूत्र: कर्णांतला फरक गुणिले कर्ण, भागिले रुंदीची दुप्पट. ६ × ६१.७ ÷ ७४, म्हणजे ५ सूत. खिडकीचा माथा तळापेक्षा ५ सूत उजवीकडे सरकलाय. आता डाव्या बाजूला वरच्या कोपऱ्यातून ओळंबा सोडा, उजव्या बाजूला खालच्या कोपऱ्याशी जुळणारा ओळंबा धरा. या दोन ओळंब्यांमधलं अंतर हीच तुमची खरी रुंदी. हिशेबाने ती ३६ इंच ३ सूत येते. दोन्हीकडे ३-३ सूत फट सोडली तर चौकट बाहेरून बाहेर ३५ इंच ५ सूत.

मग फटी अशा येतील: डावीकडे वर ३ सूत आणि खाली ६ सूत, उजवीकडे खाली ३ सूत आणि वर १० सूत. १० सूत म्हणजे सव्वा इंच, ही एकच जागा त्रासाची. पण चौकट सांगण्याआधी बाजूंचा जुना गिलावा विटेपर्यंत काढा आणि पुन्हा मोजा. जुन्या गिलाव्यावर गिलावा चढत गेलेला असतो आणि वाकडेपणाचा बराच भाग त्यातच निघतो. विटेवर मोजून कल २-३ सूत उरला तर चौकट तेवढी रुंद करता येईल.

उंचीत मधलं, म्हणजे सगळ्यांत कमी माप धरा: ४८ इंच ६ सूत. त्यातून खालचा दगड ६ सूत, दगडाखालचा मसाला ६ सूत, आणि चौकटीच्या डोक्यावर ४ सूत मोकळे. एकूण २ इंच गेले. चौकट ४६ इंच ६ सूत उंच.

भिंतीला पीळ आहे का तेही बघा. चार कोपऱ्यांना चार खिळे, कर्णात दोन दोऱ्या ताणून. मध्ये दोऱ्या एकमेकींना नुसत्या टेकल्या तर भिंत एका पातळीत आहे. मध्ये १ सूत अंतर पडलं तर एक कोपरा २ सूत पुढे-मागे आहे. पीळ असलेल्या भिंतीला चौकटीची कड जुळवत बसलं की चौकटही पिळते, आणि पिळलेल्या चौकटीत झडप तीन कोपऱ्यांवर बसते, चौथा कोपरा बाहेर. तो नंतर रंध्याने सुधारत नाही.

---

चुना_सुर्खी

सुतारकामाच्या आधी एक मोठा प्रश्न आहे, त्याकडे कोणी बघतच नाहीये. लिंटेल मध्ये का झुकलंय?

वरच्या मजल्याच्या कड्या त्याच भिंतीवर टेकल्यात म्हणता. खिडकीच्या वरच्या भिंतीतला साधारण त्रिकोणी भाग लिंटेलवर येतो आणि बाकीचा भार दोन्ही बाजूंना उतरतो, असा नेहमीचा हिशेब. तुमच्या रुंदीला हा त्रिकोण ४० इंचांच्या आसपास उंच होईल. कड्या त्या उंचीच्या आत टेकत असतील तर मजल्याचा भारही लिंटेलवरच आला. मातीतल्या बांधकामात तो त्रिकोणसुद्धा पूर्ण भरवशाचा नाही.

२० इंची भिंतीत लिंटेल म्हणजे एकच तुळई क्वचित, शेजारी शेजारी तीन-चार लाकडं असतात. प्रत्येकाची दोन्ही टोकं, जिथे ती भिंतीत शिरतात तिथे, जाड स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. मधला भाग ठणठणीत आणि टोकं भुसा, हे नेहमीचं, कारण ओल मातीतून टोकांना लागते. बाहेरच्या अंगाचं लाकूड आधी जातं, तुमची भिंत पश्चिमेची आहे म्हणून तर नक्कीच. लिंटेलच्या वर तिरक्या भेगा असतील तर त्यांवर पीओपीची पातळ पट्टी आडवी मारून तारीख लिहा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. नाही तडकली तर झुकाव जुना असून थांबलेला आहे, आणि लाकूड निरोगी असेल तर तसाच राहू द्या.

चौकट लिंटेलखाली पाचरा मारून घट्ट बसवू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. चौकट भार घ्यायला नसते. वर ४ सूत मोकळे ठेवायला सांगितलंय ते याचसाठी.

आणि वाडा हेरिटेज यादीत असेल तर महापालिकेची परवानगी आधी, कारागीर नंतर.

---

नारायणपेठी_१२

आभार. टोचून पाहिलं. लिंटेलमध्ये चार लाकडं आहेत. आतली तीन ठीक, स्क्रूड्रायव्हर जेमतेम रुततो. बाहेरच्या लाकडाचं एक टोक मात्र इंचभर आत गेलं. वर भेग नाही. बाहेरचं एकच लाकूड बदलता येईल का? आणि कंत्राटदार म्हणतो चौकटीच्या फटी फोमने भरू, एका दिवसात काम.

---

चुना_सुर्खी

एक बदलता येतं, आणि एका वेळी एवढंच बदलायचं. पण टेकू दिल्याशिवाय हात लावू नका. आतल्या बाजूला भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर, कड्यांच्या खाली आडवी तुळई घेऊन तिच्याखाली जॅक. तेवढ्याने भागत नाही, कारण ते जॅक तुमच्या पहिल्या मजल्याच्या कड्यांवर उभे राहणार. त्यांच्या बरोबर खाली तळमजल्यावरही टेकू द्या, थेट जमिनीपर्यंत. निम्मे लोक इथेच चुकतात: वरचा मजला सावरला, खालचा लवला.

मग बाहेरचं लाकूड काढून तिथे तयार आरसीसीचा तुकडा किंवा गंजरोधक रंग दिलेलं लोखंडी चॅनल. माप इंजिनिअरकडून घ्या, त्याला कड्यांची दिशा आणि अंतर दाखवा. दोन्ही बाजूंना भिंतीत किमान ८ इंच टेकण, आणि टेकणाखाली मातीवर थेट न ठेवता एकसंध दगड किंवा काँक्रीटची बैठक. वरच्या फटीत सिमेंट-वाळूचा १:३ चा कोरडा मसाला, मुठीत दाबला तर गोळा होईल पण पाणी सुटणार नाही इतपतच ओला, लाकडी ठोकणीने ठासून भरायचा. पातळ मसाला सुकताना आकसतो आणि वरची भिंत तेवढी खाली बसते. टेकू ७ दिवसांनी सैल करा, एकदम नाही, प्रत्येक जॅकचा एकेक फेरा.

नारायण पेठेचा नदीकडचा भाग असेल तर आणखी एक बघा. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर डागडुजी झालेल्या भिंतीत खाली सिमेंट आणि वर माती असं मिश्रण असू शकतं. छिन्नीने एक सांधा उकरला की कळतं. खालच्या सिमेंटमध्ये जे चालतं ते वरच्या मातीत चालत नाही.

---

साडेतीन_सूत

फोमबद्दल. तो फट भरतो, चौकट धरत नाही. बंदुकीने एकदम भरला तर फुगताना उभ्या दांड्याला आत ढकलतो. मध्यभागी एक-दीड सूत पोट आलं तरी झडप अडकते. वापरायचाच तर कमी फुगणारा घ्या, चौकटीच्या आत मध्यावर आडवी अडणी ठोकून ठेवा, आणि निम्मी फटच भरा. बाहेरच्या तोंडाला फोम उघडा राहिला तर उन्हाने पिवळा पडून भुरभुरतो आणि मग पावसाचं पाणी धरून ठेवतो. आतल्या अर्ध्यात फोम, बाहेरच्या अर्ध्यात मसाला, असं चालेल.

चौकट धरायचं काम होल्डफास्टचं (चौकट भिंतीत अडकवणारी लोखंडी पट्टी). ४७ इंच उंचीला प्रत्येक बाजूला दोन पुरतात, वरच्या-खालच्या कोपऱ्यापासून ८-९ इंचांवर. पश्चिमेचा वारा आणि जड झडप बघता बिजागरीच्या बाजूला मध्ये तिसरा द्या. फुगणारे अँकर मातीच्या भिंतीत लावू नका, ते फुगून विटेला सांध्यातून सोडवतात. होल्डफास्टसाठी ४ × ४ इंचांचा खळगा ६ इंच खोल, आत थोडा रुंद, म्हणजे गोळा ओढला तरी बाहेर येणार नाही. सुटी माती झाडून, भिजवून, बारीक खडीच्या १:२:४ काँक्रीटने भरा. सात दिवस ओला ठेवा आणि तोवर झडप टांगू नका. खळगा नको असेल तर जाळीच्या नळीतला केमिकल अँकर, पण विटेत, सांध्यात नाही.

---

चुना_सुर्खी

खळग्यात सिमेंट चालेल, तेवढ्याशा गोळ्याने भिंतीचं काही बिघडत नाही. पण बाजूचा सगळा गिलावा सिमेंटचा करू नका. माती-चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते. सिमेंटने तोंड बंद केलं की ती ओल चौकटीच्या पाठीला येते. त्या १० सुतांच्या फटीत आधी विटेचे पातळ तुकडे चुन्यात दाबून बसवा, मग चुन्याचे दोन थर. पहिला थर खरखरीत ठेवायचा, दुसरा पहिला पांढरा पडून कडक झाल्यावर. सव्वा इंच एका दमात चढवला तर पोकळ वाजतो आणि पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रा सुटतो.

---

हौशी_सुतार

मध्येच विचारतो, अॅल्युमिनियमची स्लायडिंग बसवली तर हा सगळा खटाटोप वाचेल ना?

---

साडेतीन_सूत

नाही, उलट वाढेल. स्लायडिंगला चौकट गुण्यात लागतेच, आणि वरून दाब आला तर लाकूड एखादं सूत सहन करतं, पातळ रूळ नाही करत. कमानीच्या खिडकीत तर सरकणार कुठे?

बसवायचा क्रम राहिला होता. चौकट जमिनीवर जोडून कर्ण मोजा, दोन्हींत अर्ध्या सुतापेक्षा जास्त फरक नको. वरच्या दोन कोपऱ्यांना तिरक्या पट्ट्या आणि तळाशी आडवी अडणी ठोका, त्या भिंतीतलं काम सुकेपर्यंत काढायच्या नाहीत. उघड्या भगदाडात बसवताना आडव्या दांड्यांचे बाहेर आलेले कान कापावे लागतात. कान गेले की कुसाचं (एका दांड्याचं टोक दुसऱ्यात शिरतं त्याचं) भोक टोकाला उघडं पडतं आणि सांधा सरकू शकतो, म्हणून प्रत्येक कोपऱ्यात गोंदाबरोबर आरपार दोन सागवानी खुंट्या. भिंतीकडच्या पाठीला वाळवीचं औषध, मग प्रायमर किंवा डांबर. टोकांना दोनदा, लाकूड पाणी टोकातून पितं.

आधी बिजागरीच्या बाजूचा दांडा ओळंब्यात आणा, दोन्ही दिशांनी: समोरून आणि बाजूने. दुसरा दांडा त्याच्याशी जुळवा. पाचरा नेहमी जोडीने, समोरासमोरून सरकवा. एकच पाचर मारली की दाब तिरका येतो आणि दांडा फिरतो. पाचरांची जागा होल्डफास्टच्या आणि बिजागरीच्या मागे, दांड्याच्या रिकाम्या मध्यावर नाही. प्रत्येक स्क्रू आवळल्यावर कर्ण पुन्हा मोजा, कंटाळा आला तरी.

---

कमानदार

दुसऱ्या खिडकीबद्दल कोणीच बोललं नाही, तिचं मी घेतो.

३६ रुंदी आणि ६ उठाव असेल तर कमानीची त्रिज्या: अर्ध्या रुंदीचा वर्ग अधिक उठावाचा वर्ग, भागिले उठावाची दुप्पट. (३२४ + ३६) ÷ १२ = ३० इंच. हे झालं कागदावर. जुनी कमान एका त्रिज्येची राहिलेली असेलच असं नाही, म्हणून पातळ प्लाय किंवा हार्डबोर्ड भगदाडात धरून, कंपासने भिंतीची रेषा त्यावर उतरवून घ्या. त्यावर ३० इंचांची गोलाई ठेवून बघा. २ सुतांपर्यंतचा फरक फटीत जातो. त्याहून जास्त असेल तर चौकट उतरवलेल्या रेषेप्रमाणेच कापा. उभे दांडे मात्र ओळंब्यातच.

फट सोडताना मध्यबिंदू तोच ठेवून त्रिज्या कमी करायची: ३ सूत फटीला २९ इंच ५ सूत. ३० ची गोलाई तशीच ठेवून चौकट नुसती खाली सरकवली तर फट माथ्याला जास्त आणि कडांना कमी येते.

कमानीचा माथा एका फळीतून कापू नका. त्याला साधारण ८ इंच रुंद फळी लागते, आणि दोन्ही टोकांना रेषा तिरपी तुटल्यामुळे ती टोकं हातोड्याच्या एका ठोक्यात फुटतात. तीन तुकडे करा. पूर्ण कमान सुमारे ७४ अंशांची, म्हणजे प्रत्येक तुकडा साडेचोवीस अंशांचा, बाहेरून जेमतेम १३ इंच लांब, आणि ३ इंच तोंड ठेवून ४ इंच रुंदीच्या लाकडात बसतो. ५ इंच जाडी अडीच-अडीच इंचांच्या दोन थरांत करा: पुढच्या थरात तीन पूर्ण तुकडे, मागच्या थरात कडेला अर्धे आणि मध्ये दोन पूर्ण. सांधे एकमेकांवर येत नाहीत. पाण्यात न सुटणारा गोंद, आणि मागून स्क्रू. गोलाई आधी प्लायच्या साच्यावर पक्की करून मगच लाकूड कापा.

जिथे कमान उभ्या दांड्याला भेटते तिथे गोलाई सरळ दांड्यात विरत नाही, १२७ अंशांचा कोपरा होतो. दोन्ही तुकडे साडेत्रेसष्ट अंशांत कापून आत अर्धा इंच जाडीची सागवानी जीभ घाला.

आणि कमानीच्या आकाराची उघडणारी झडप करू नका. तुमची भिंत २० इंची. चौकट बाहेरच्या तोंडापासून ४ इंच आत बसवली तर झडपेची मधली उंच कड उघडताना बाजूला जाते, आणि बाजूला कमान खाली उतरलेली असते. झडप अर्धीही उघडायच्या आत कमानीला धडकते. कमान सुरू होते त्या उंचीवर आडवा दांडा टाका, खाली चौकोनी झडपा, वर स्थिर काच.

---

नारायणपेठी_१२

हे कोणी सांगितलं नसतं तर झडप धडकल्यावरच कळलं असतं. पहिल्या खिडकीच्या झडपा बाहेर पूर्ण उघडायच्या तर? आणि खालच्या उतरत्या बैठकीचं काय करू?

---

साडेतीन_सूत

४ इंच आत बसवल्यावर साध्या बिजागरीने झडप ९० अंशांतच थांबते, बाजूच्या गिलाव्याला टेकून. भिंतीला लागून पूर्ण उघडायला पार्लमेंट बिजागरी लागते, पण ४ इंच खोली ओलांडायची तर तिची पाती फार लांब होतात आणि झडप लोंबते. दीड-दोन इंच आत बसवा, त्या मापाच्या मिळतात. पाऊस जास्त लागेल, म्हणून वर छज्जा किंवा पत्र्याची पट्टी हवीच.

बैठकीचा जुना उतार चौकटीखाली तसाच राहिला तर पाणी घरात येणार. मसाल्याने तो उलटा करून त्यावर कडप्पा किंवा ग्रॅनाइट, १८ मिमी जाड. बाहेरच्या बाजूला १० इंचांना १ इंच उतार. चौकटीच्या खाली मात्र दगड लेव्हलमध्ये, म्हणजे दगड दोन तुकड्यांत किंवा बाहेरचा भाग उतार देऊन घासलेला. भिंतीबाहेर दीड-दोन इंच काढा आणि खालून, कडेपासून पाऊण इंच आत, २-३ सूत रुंद खाच मारा, म्हणजे थेंब तिथेच तुटून पडतो. खाच दोन्ही टोकांना भिंतीच्या दीड इंच आधी थांबवा, नाहीतर पाणी तिच्यातूनच भिंतीत जातं. दगडाची टोकं बाजूच्या गिलाव्यात अर्धा इंच शिरलेली हवीत. चौकट आणि दगड यांच्यामध्ये सीलंट बाहेरून लावा. आतून लावलं तर शिरलेलं पाणी तिथेच कोंडतं.

---

नारायणपेठी_१२

शेवटचा प्रश्न. भवानी पेठेत टिंबर मार्केटला जायचं तर किती लाकूड सांगू?

---

साडेतीन_सूत

पहिलीच्या चौकटीला दोन उभे ४-४ फूट, दोन आडवे सव्वातीन-सव्वातीन. साडेचौदा फूट, कटाईसह १६ धरा. १६ × ५ × ३ ÷ १४४ = १.६७ घनफूट. दुसरीच्या कमानीला वेगळं ४ × अडीच इंचाचं साडेसात फूट, अर्धा घनफूट. तिचा खालचा आणि मधला आडवा दांडा विसरू नका. ५ × ३ कापलेलं माप आहे, रंधा मारल्यावर दोन्हीकडून सूत-दोन सूत कमी होणार, ते चौकटीच्या हिशेबात आत्ताच धरा.

लाकूड घेताना प्रत्येक नग डोळ्यासमोर धरून पीळ बघा आणि मॉइश्चर मीटर लावायला सांगा. १४ टक्क्यांच्या वर असेल तर महिनाभर घरात पट्ट्या घालून रचून ठेवा. झडपा टांगताना बिजागरीकडे पाऊण सूत, कडीकडे आणि खाली एक सूत फट. साडेतीन इंच रुंदीच्या दोन उभ्या पट्ट्यांची झडप ओल ४ टक्क्यांनी वाढली की रुंदीत साधारण अर्धा सूत फुगते. उन्हाळ्यात अर्ध्या सुताच्या फटीवर बसवलेली झडप जुलैत उघडत नाही, आणि मग सुतार येऊन तिला रंधा मारून जातो, की दिवाळीत तीच फट दोन सुतांची दिसते.